गळ टाकण्यापूर्वी पाण्याचे तापमान कसे पाहावे

कृत्रिम माशी लावून मासे पकडण्याच्या छंदावर, म्हणजे फ्लाय फिशिंगवर, जे साहित्य आपल्याकडे पोहोचते ते बहुतेक थंड प्रदेशातल्या ट्राउट माशाभोवती फिरते. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेले की गळ आवरावा, हा त्यातला ठळक नियम आहे. हिडकलच्या जलाशयाला तो जसाच्या तसा लावला, तर वर्षातले बहुतेक दिवस काठी भिंतीला टेकून ठेवावी लागेल. म्हणून बेळगाव परिसरातल्या हौशी गळकऱ्याने त्या नियमातला आकडा न घेता त्यामागचे कारण घ्यावे.

माशाचे शरीर स्वतःची ऊब राखत नाही. पाणी तापले की त्याची पचनक्रिया वेगाने चालते आणि त्याला प्राणवायू जास्त लागतो, पण नेमका त्याच वेळी पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांना ९.१ आणि ३० अंशांना जेमतेम साडेसात. बेळगावच्या साधारण ७५० मीटर उंचीवर हे प्रमाण आणखी थोडे घटते. ट्राउट साधारण १० ते १६ अंशांत मनापासून खातो, विशीच्या पुढे धापा टाकू लागतो आणि पंचविशीच्या आसपास त्याच्या जिवावर बेतते. काठी घेऊन निलगिरीतल्या अव्हलांचीकडे, मुन्नारला किंवा हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात जाणार असाल, तर हे आकडे सोबत असू द्यावेत.

आता मोजणी. पारा असलेला तापमापक नदीवर नेऊ नये. अल्कोहोलचा किंवा दोरीला संवेदक असलेला डिजिटल तापमापक बरा. काठालगतचे वीतभर पाणी उन्हाने लवकर तापते, त्यामुळे तिथला आकडा फसवा असतो. वाहत्या पाण्यात, सावलीच्या बाजूला, निदान फूटभर खोल तापमापक धरावा, दोन मिनिटे थांबावे आणि जमल्यास तो पाण्यात असतानाच आकडा वाचावा. सकाळी पोहोचल्यावर, दुपारी आणि निघताना अशा नोंदी वहीत केल्या, शेजारी खोली, आभाळ आणि मासा लागला की नाही हेही लिहिले, तर एकाच नोंदीपेक्षा पाणी तापत आहे की निवत आहे हे जास्त उपयोगाचे कळते.

जलाशयावर मात्र पृष्ठभागाचा आकडा पुरत नाही. बाटलीला दगड बांधून, बुचाला वेगळी दोरी लावून ती हव्या त्या खोलीवर सोडावी, बूच ओढावे, भरू द्यावी आणि झटकन वर घेऊन आत तापमापक घालावा. एप्रिल-मेमध्ये हिडकल किंवा नविलुतीर्थसारख्या खोल साठ्यात वरचे गरम पाणी खालच्या थंड पाण्यावर थर धरून राहते. खालचा थर थंड असला तरी तिथे प्राणवायू तुटपुंजा असू शकतो, त्यामुळे उन्हाळ्यात गळ जितका खोल तितका चांगला ही समजूत सोडून द्यावी. ज्या खोलीवर आकडा एकदम उतरतो, तिच्या जरासे वर आमिष ठेवावे.

पहाटेचे पाणी सर्वांत थंड, म्हणून पहाट सर्वांत चांगली, असे आपण सर्रास धरतो. खळाळत्या ओढ्यावर ते बरोबर आहे. शेवाळाने हिरव्या झालेल्या तळ्यात मात्र वनस्पती रात्रभर प्राणवायू वापरतात, आणि उजाडताना तो सर्वांत कमी असतो. मासे तोंड वर काढून श्वास घेताना दिसले, तर त्यांना भूक लागली आहे असे समजू नये. अशा तळ्यावर ऊन तासाभर चढू द्यावे.

मासा कोणत्या जातीचा आहे हेही पाहावे लागते. कटला, रोहू यांसारखे मासे साधारण २५ ते ३० अंशांत जोमाने खातात. डिसेंबर-जानेवारीत पाणी विशीच्या खाली उतरू लागले की ते सुस्तावतात, आणि चिलापी तर त्याहून खाली गेल्यावर जवळजवळ तोंडच मिटते. त्या दिवसांत उथळ, ऊन लागलेली बाजू धरावी आणि दुपारनंतर बसावे. मरळ हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे गढूळ, गरम डबक्यातही तो टिकतो आणि प्राणवायूचा हिशोब त्याला फारसा लागू पडत नाही.

कीटकांचे गणित ट्राउटच्या नद्यांवर तापमानाशी घट्ट बांधलेले असते. मेफ्लाय या नाजूक पंखांच्या कीटकाच्या अळ्या पाण्याच्या तळाशी वाढतात, वसंतात पाणी ठरावीक ऊब गाठू लागले की त्या झुंडीने वर येतात आणि त्यांना पंख फुटतात, आणि त्या वेळी ट्राउट दुसरे काही पाहत नाही. आपल्याकडे, खानापूर तालुक्यातल्या सह्याद्रीच्या ओढ्यांवर, मेफ्लाय असतात. पण पाणी वर्षभर उबदार असल्याने त्यांचा असा एकच हंगाम क्वचित जमतो. इथे तापमापकापेक्षा वळवाच्या पावसाकडे लक्ष ठेवावे, असे माझे मत आहे. पहिल्या दमदार सरीनंतर वारुळांतून पंख फुटलेल्या वाळवीची पाखरे उठतात, संध्याकाळी त्यांतली कितीतरी पाण्यावर पडतात आणि चिलापीसारखे मासे ती वरच्या वर टिपतात. या तासाभरात तपकिरी, तरंगणारी माशी पाण्यावर हलकेच सोडावी. खोलवर बुडणारे आमिष वाया जाईल.

मासा सोडून देणार असाल, तर उन्हाळी दुपारी झुंज लांबवू नये, कारण गरम पाण्यात थकलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो. हात ओले करून, मासा पाण्यातच ठेवून गळ काढावा. जलाशयांवर मत्स्यव्यवसाय खात्याची किंवा ठेकेदाराची परवानगी आधी घ्यावी, भीमगड अभयारण्यात आणि धूपदाळच्या पक्षी अभयारण्यात गळ नेऊ नये. अथणी-रायबागकडे कृष्णेत मगरी आहेत, तेव्हा तिथे तापमान मोजण्यासाठी पाण्यात न उतरता तापमापक लांब दोरीने काठावरूनच सोडावा.