फायली उडवल्या तरी फोल्डर तेवढाच? लिनक्सच्या एक्स्ट-फोर फाइल सिस्टिमवर जागा अशी परत मिळवा

माझ्या सर्व्हरवर पीएचपीच्या सेशन फायलींचा (वेबसाइटवर येणाऱ्यांची तात्पुरती माहिती ठेवणाऱ्या) एक फोल्डर होता, त्याची साफसफाईची स्क्रिप्ट कधी बंद पडली ते कळलंच नाही आणि आत 20 लाख फायली साचल्या. सगळ्या उडवल्या, आत उरल्या जेमतेम बारा, तरी एलएस (फायलींची यादी दाखवणारी कमांड) मारलं की कितीतरी सेकंद काहीच येईना. शेवटी एलएस -एलडी मारून खुद्द फोल्डरचाच साइज बघितला तर 100 एमबीच्या आसपास! नव्या फोल्डरचा असतो 4096 बाइट, म्हणजे एक ब्लॉक, डिस्कवरच्या जागेचा एक तुकडा.

होतं असं की एक्स्ट-फोरमध्ये फोल्डर म्हणजे नावांची वही. फाइल उडवली की तिचा डेटा आणि आयनोड (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) मोकळा होतो, पण वहीतलं नाव फक्त खोडलं जातं, पान फाडलं जात नाही. नवीन फायली आल्या तर ती जागा वापरली जाते, पण वही आपोआप बारीक होत नाही आणि एलएसला सगळी कोरी पानं चाळावी लागतात.

सोपा उपाय म्हणजे फोल्डरच नवा करायचा. आधी त्या फोल्डरात फायली टाकणारी सर्व्हिस बंद करा, हे विसरू नका, नाहीतर मधेच नवीन फायली जुन्या फोल्डरात पडत राहतील. मग एमव्हीने जुन्याचं नाव बदला, त्याच जागी एमकेडीआरने नवा बनवा आणि मालक आणि परमिशन जुन्यासारख्याच लावा (सीएचओन आणि सीएचमॉड दोन्हीला --रेफरन्स देऊन जुना फोल्डर दाखवला की झालं, आकडे पाठ करायला नकोत). उरलेल्या फायली हलवा, आणि जुना काढताना आरएम -आरएफ (आतल्या फायलींसकट सगळं उडवणारी कमांड) अजिबात नको, आरएमडीआरच वापरा, कारण स्टार टाकून हलवलं की डॉटवाल्या लपलेल्या फायली मागे राहतात आणि आरएमडीआर अशा वेळी फोल्डर काढायला सरळ नकार देतो, त्यामुळे तुमचा डेटा वाचतो.

असे फोल्डर बरेच असतील तर ई-टू-एफएससीके -एफडी, यात एफ स्मॉल आणि डी कॅपिटल. ही कमांड सगळ्या डिरेक्टरी आवळून देते, पण पार्टिशन अनमाउंट केलेलंच (म्हणजे सिस्टिमपासून सोडवलेलंच) हवं, चालू पार्टिशनवर चालवलीत तर फाइल सिस्टिमची वाट लागेल. रूट पार्टिशन (ज्यावर लिनक्स स्वतः असतं ते) असेल तर लाइव्ह यूएसबीवरून बूट करा, आणि बॅकअप आधी घ्या.

एक्स्ट-फोरऐवजी एक्सएफएस किंवा बीटीआरएफएस फाइल सिस्टिम असेल तर यातलं काही करायला लागत नाही, तिथे रिकामे ब्लॉक आपोआप सुटतात.