फ्युजन तपासणीला मॅरो पाठवताना: आधी जांभळा बल्ब

फ्युजन म्हणजे दोन जीन तुटून एकमेकांना जोडले जाणं; ल्युकेमियात (रक्ताच्या कर्करोगात) ते मॅरोतल्या, म्हणजे अस्थिमज्जेतल्या, आरएनएवरून शोधतात. सुई, लोकल (भूल), स्लाइड्स, संमतीपत्र ट्रॉलीवर असतंच. राहून जातो तो आरएनएसाठीचा वेगळा ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेला, म्हणजे जांभळा बल्ब. त्यावर नाव, तारीख, वेळ सुई टोचण्याआधी लिहा. ॲक्यूट ल्युकेमियाचा नुसता संशय पुरे. निदान पक्कं व्हायची वाट बघू नका.

आणि हे सगळं स्टिरॉइडच्या पहिल्या डोसआधी. पांढऱ्या पेशी लाखावर गेल्या की रात्रीच प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) किंवा हायड्रॉक्सीयुरिया सुरू करावं लागतं, कबूल. पण त्याआधी निदान शिरेतलं 3-4 मिली रक्त तरी जांभळ्यात घ्या. रक्तात ब्लास्ट (ल्युकेमियाच्या अपरिपक्व पेशी) भरपूर असतील तर फ्युजन त्यातही सापडतं.

पहिल्या ओढीचं अर्धा मिली स्लाइडला. मग सुई जरा फिरवून 2-3 मिली जांभळ्यात, आणि लगेच 8-10 वेळा हलक्या हाताने उलटसुलट. गुठळी झाली की बल्ब वाया. त्यानंतरचं हिरव्या हेपॅरिन बल्बात, कारण कॅरिओटाइपला (गुणसूत्रांच्या तपासणीला) जिवंत पेशी लागतात. सिरिंजलाच हेपॅरिन लावून सगळं एकात भागवायची सवय मोडा. हेपॅरिन पीसीआर (जीनचा तुकडा अनेक पटींनी वाढवून शोधणारी तपासणी) अडवतं.

फॉर्मवर ‘ल्युकेमिया पॅनेल’ एवढंच खरडू नका. मल्टिप्लेक्स (एकत्र अनेक फ्युजन शोधणारा) पीसीआर जीनच्या ठरलेल्या जोड्याच पाहतो. एनयूपी98-एनएसडी1 घ्या: 5 आणि 11 क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या टोकांची अदलाबदल, साध्या कॅरिओटाइपला दिसत नाही. एएमएल (ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया), कॅरिओटाइप नॉर्मल, एफएलटी3-आयटीडी (एफएलटी3 जीनमधला बदल) पॉझिटिव्ह आणि पहिल्या इंडक्शनला (केमोच्या पहिल्या टप्प्याला) दाद नाही, तर हे नाव आठवलंच पाहिजे. बी-एएलएलमध्ये (बी पेशींच्या ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात) ईबीएफ1-पीडीजीएफआरबी हे फ्युजन असेल तर इंडक्शनअखेर एमआरडी (उपचारानंतर उरलेला आजार) बऱ्याचदा भरपूर उरते, पण इमॅटिनिब किंवा डॅसाटिनिब (टीकेआय, म्हणजे किनेज रोखणारी औषधं) लागू पडू शकतं. म्हणजे शोधण्यात अर्थ आहे. तेव्हा ‘टार्गेटेड आरएनए सिक्वेन्सिंग’ असं स्पष्ट लिहा आणि कोणते जीन बघतात ती यादी लॅबकडून मागवा. एपीएलसारखं (एएमएलचा एक प्रकार) दिसतंय पण त्याचं नेहमीचं फ्युजन पीएमएल-आरएआरए निगेटिव्ह? आरएआरएचं ब्रेक-अपार्ट फिश (जीन तुटलाय का ते चमकत्या खुणांनी दाखवणारी तपासणी) करा. झेडबीटीबी16-आरएआरए हे फ्युजन एट्राला (एपीएलच्या औषधाला) जुमानत नाही. रिपोर्ट येईपर्यंत एट्रा मात्र रोखू नका.

आता परत तेच, कारण परत तेच चुकतं. केमोला दाद नाही हे कळतं महिन्याभराने. तेव्हाच्या मॅरोत ब्लास्ट कधीकधी इतके थोडे असतात की फ्युजन निसटतं आणि निगेटिव्ह रिपोर्टला किंमत राहत नाही. पहिल्या दिवसाचा, स्टिरॉइडआधीचा जांभळा बल्बच हवा. उरलेला आरएनए उणे 80 ला जपून ठेवा, असं लॅबला त्याच दिवशी फोन करून सांगा. फॉर्मवर लिहिलेलं कुणी वाचत नाही.

बल्ब 24 तासांत लॅबमध्ये, फार तर 48. गोठवायचा नाही. शनिवारी दुपारी कुरिअरला देऊ नका. रिलॅप्स झाला (आजार उलटला) की सगळं नव्याने. टीकेआय चालू असेल तर किनेज डोमेन म्युटेशनही (टीकेआय निकामी करू शकणारे जीनमधले बदल) तपासा. रिपोर्टमध्ये आधी ब्लास्टचं प्रमाण आणि आरएनएचा दर्जा पाहा. दर्जा फेल असेल तर तो निगेटिव्ह रिपोर्ट नव्हे. नमुना पुन्हा पाठवा.