सारखे धक्के बसतायत, घरात राहायचं कसं? कोयना, पालघर, हिंगोलीकडच्या लोकांसाठी

भूकंपात काय करावं म्हणून जी माहिती फिरत असते ती सगळी त्या एका मिनिटाची असते, टेबलाखाली बसा, लिफ्ट वापरू नका वगैरे. ती बरोबरच आहे. पण पाटण तालुक्यात, डहाणू-तलासरीला किंवा वसमत-कळमनुरीकडे राहणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो. कोयनेला धरण भरायला लागल्यापासून, म्हणजे १९६२ च्या आसपासपासून हादरे चालूच आहेत, पालघरला नोव्हेंबर २०१८ पासून महिनोन्‌महिने धक्के बसत राहिले, लोक थंडीत तंबूत झोपले. अशा ठिकाणी आज धक्का, उद्या धक्का, परवा नुसताच जमिनीतून आवाज, आणि मधे स्वयंपाक, शाळा, शेती सगळं चालू. म्हणून घराची मांडणीच अशी करून टाकायची की रात्री डोळे उघडल्यावर विचार करत बसायला लागू नये.

सगळ्यात आधी झोपायची जागा

कोयनेचा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे सव्वाचारच्या सुमारास झाला, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. दोन्ही वेळा माणसं अंथरुणात होती. त्यामुळे एकच काम करायला वेळ असेल तर हे करा, रात्री डोक्यावर काय पडू शकतं ते झोपल्या झोपल्या वर बघून ठरवा. लोखंडी कपाट, माळ्यावरचे हंडे-पातेली, भिंतीवरचा जड फोटो, पंख्याचा ढिला हुक. पलंग दगडी भिंतीला चिकटवून असेल तर जमेल तेवढा सरकवा, आणि खिडकीच्या काचेखाली तर नकोच. पोरं आणि म्हातारी माणसं दाराच्या जवळच्या खोलीत झोपवा, आजोबांना माळ्यावरच्या किंवा आतल्या अंधाऱ्या खोलीत ठेवू नका.

चप्पल आणि टॉर्च एका पिशवीत घालून पिशवी खाटेच्या पायाला बांधून ठेवा. जमिनीवर नुसती ठेवलेली चप्पल धक्क्यात सरकते, वर काचा पडतात, आणि मग माणूस अनवाणी काचांवरून पळतो. चष्मा आणि रोजच्या गोळ्यापण त्याच पिशवीत.

मग छप्पर आणि जड वस्तू

पत्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून आपल्याकडे वर दगड ठेवतात, धक्क्यात हेच दगड खाली येतात. २१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ चा धक्का बसला तेव्हा नांदेडच्या प्रशासनानेपण हेच सांगितलं होतं, पत्र्यावरचे दगड काढा. नुसते काढून चालणार नाही अर्थात, पत्रे अँगलला हुक-बोल्टने आवळून घ्या, खर्च फार नाही.

किल्लारीत जवळपास दहा हजार माणसं गेली आणि भूकंप होता ६.२ चा, म्हणजे जगाच्या हिशोबात मध्यम. मारलं ते दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि त्यावरच्या माळवदाने. माळवदावर दर पावसाळ्याआधी मातीचा थर चढत जातो, छप्पर जड जड होत जातं. तुमचं घर तसं असेल तर जुनी माती काढून वजन कमी करणं हे टेबलाखाली बसायच्या सरावापेक्षा जास्त उपयोगाचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकी कामं पटापट होतात. कपाट आणि भांड्यांची मांडणी अँगल ठोकून भिंतीला पक्की करा, जड डबे खालच्या फळीवर, सिलिंडरला साखळी, रात्री रेग्युलेटर बंद. मेन स्विच कुठे आहे हे घरातल्या दहा वर्षांच्या पोरालापण माहीत पाहिजे.

धक्का चालू असताना

इथे घराप्रमाणे उत्तर बदलतं. आरसीसीच्या बिल्डिंगमध्ये असाल तर पळायचं नाही, जिन्यात तर अजिबात नाही, जिथे आहात तिथेच मजबूत टेबलाखाली शिरा, एका हाताने डोकं-मान झाका, दुसऱ्याने टेबलाचा पाय धरा. अंथरुणात असाल तर पालथे होऊन उशी डोक्यावर घ्या. दाराच्या चौकटीत उभं राहायचा सल्ला जुना झाला.

दगड-मातीचं बैठं घर असेल, तुम्ही दारापाशी असाल आणि बाहेर चार पावलांवर मोकळं अंगण असेल, तरच बाहेर पडा. मधे अरुंद बोळ असेल, शेजारच्याची उंच भिंत असेल, तर तोच बोळ अंगावर येतो, त्यापेक्षा आतच भक्कम लाकडी पलंगाखाली शिरा. आणि धावायचं नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये डहाणूकडे घर पडून नाही, तर धक्क्यानंतर बाहेर पळताना पडून दोन वर्षांची मुलगी गेली. लहान पोरांना कोण उचलणार हे आधीच ठरवून ठेवा, नाहीतर एकाला दोघं उचलायला धावतात आणि दुसरं आतच राहतं.

बाहेर आल्यावर विजेचा खांब, पाण्याची टाकी, कंपाउंडची भिंत यापासून लांब उभे राहा.

धक्का थांबल्यावर

गॅसचा वास आला तर लाइटचं बटण दाबू नका, चालू असेल तर बंदपण करू नका, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर या. वास नसेल तर आधी एकमेकांना बघा, मग भिंती.

भिंतीचं असं आहे, प्लास्टरवरची केसासारखी बारीक रेघ बहुतेक वेळा किरकोळ असते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग, दोन भिंती जिथे भेटतात तिथली उभी भेग, किंवा दगडी भिंतीला आलेलं पोट, हे मात्र गंभीर. पोट येतं कारण जाड दगडी भिंत म्हणजे खरं तर दोन पदर असतात, मधे माती-खडी, आणि आरपार जाणारे लांब दगड घातलेले नसले की हादऱ्यात पदर सुटतात. अशा खोलीत कुणाला झोपू देऊ नका, सामान आणायलाही सारखं आत-बाहेर नको. प्रत्येक भेगेच्या टोकाला पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, पुढच्या धक्क्यानंतर भेग खुणेच्या पुढे सरकली का ते लगेच कळतं. फोटो काढा, लिंपायच्या आधी, कारण तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत भिंत सारवून झालेली असते आणि मग दाखवायला काही उरत नाही.

नंतरचे धक्के आणि झोप

मोठ्या धक्क्यानंतरचे धक्के पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त असतात, मग कमी होत जातात, साधारण दहाव्या दिवशी पहिल्या दिवसाच्या दहाव्या हिश्श्यावर येतात. पण संख्या कमी होते म्हणजे प्रत्येक धक्का लहानच असेल असं नाही, तडकलेली भिंत छोट्या धक्क्यानेही पडू शकते. पालघरसारख्या ठिकाणी तर एक मोठा आणि मग बारके असा क्रमच नसतो, झुंडीने येतात. लहान धक्क्यांनी जोर निघून जातो म्हणून निर्धास्त राहा असं कुणी सांगेल, तेही खरं नाही. ६ च्या एका धक्क्यात ४ च्या धक्क्याच्या साधारण हजारपट ऊर्जा असते, किती बारके लागतील हिशोब करा. आणि रात्री बारा वाजता मोठा येणार हा जो मेसेज फिरतो तो डिलीट करा, वेळ सांगता येईल असं तंत्र जगात कुणाकडे नाही. झालेला धक्का किती होता हे बघायला राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचं भूकंप (BhooKamp) ॲप आहे.

बाहेर झोपायची वेळ आली तर जमिनीवर अंथरू नका, साप-विंचवाचा धोका भूकंपापेक्षा कमी नसतो, खाट टाका, मच्छरदाणी खोचून घ्या, आणि खाट पडक्या भिंतीपासून भिंतीच्या उंचीच्या दीडपट तरी लांब ठेवा. घर चांगलं असेल तर उगीच महिनाभर अंगणात राहू नका, म्हातारी माणसं आणि बाळं थंडीने आजारी पडतात. आत कधी जायचं हे भीती गेली का यावर नाही, भेगांवरच्या पेन्सिलच्या खुणा जागेवर आहेत का यावर ठरवा, आणि शंका असेल तर बांधकाम विभागाच्या इंजिनिअरला भिंत दाखवूनच सामान आत न्या.