राव्हेन्नाचे मोझेक पाहायला : गावाकडून निघणाऱ्यांसाठी दीड दिवसाची आखणी

इटलीत व्हेनिस आणि फ्लॉरेन्सच्या मधले तीन तास राव्हेन्ना या गावाला द्यायचे, असा बेत बहुतेक जण करतात. तसं करू नका. पाचव्या-सहाव्या शतकातले हे मोझेक, म्हणजे काच-दगडाचे छोटे रंगीत तुकडे जोडून केलेली चित्रं, १९९६पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या आठ वास्तूंपैकी सात ठिकाणी विखुरलेले आहेत, आणि ते डोळा स्थिरावल्याशिवाय दिसत नाहीत. एक मुक्काम ठेवा.

विदर्भातल्या शेतकरी कुटुंबाला एप्रिलचा शेवट ते मे सोयीचा. गहू-हरभरा निघालेला असतो, पेरणीला अवकाश असतो आणि तिकडे हवा सुखद असते. त्यासाठी व्हिसाची तयारी डिसेंबर-जानेवारीतच सुरू करा. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो; पण खरी अडचण भेटीची तारीख मिळण्याची असते. मुलगा-सून जर्मनीत असतील आणि जास्त दिवस तिकडेच राहणार असाल, तर अर्ज इटलीकडे नाही, जर्मनीकडे करायचा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे.

शेतकऱ्याचं घोडं अडतं ते उत्पन्नाच्या पुराव्यावर. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे आयकर विवरणपत्र नसतं किंवा त्यात फारसं काही दिसत नाही. म्हणून सातबारा, आठ-अ, कापूस-सोयाबीन विकल्याच्या बाजार समितीच्या पावत्या आणि बँकेचा गेल्या काही महिन्यांचा उतारा एकत्र लावा, मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं जोडा. पावत्यांच्या रकमा उताऱ्यात जमा झालेल्या दिसल्या पाहिजेत. अर्जाच्या आठ दिवस आधी नातेवाइकाकडून एकरकमी पैसे खात्यात टाकले, तर ते उसने म्हणूनच वाचले जातात.

नागपूरहून मुंबई किंवा दिल्लीमार्गे निघून इटलीतलं बोलोन्या शहर गाठणं सोपं. बोलोन्याहून राव्हेन्नाला थेट प्रादेशिक रेल्वे आहे, सव्वा तासाच्या आसपास. कागदी तिकीट घेतलंत तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का उमटवून घ्या. विसरलात तर तिकीट असूनही दंड होतो. स्टेशनपासून जुनं गाव पायी फिरण्याइतकं लहान आहे.

आता मुख्य काम : तिकीट. सान व्हिताले चर्च, रोमन राजघराण्यातल्या गाला प्लाचिदियाची समाधी, सांतापोल्लिनारे नुओवो चर्च, आर्चबिशपचं संग्रहालय-प्रार्थनागृह आणि बिशप नेओनचं बाप्तिस्मागृह यांचं एकत्रित तिकीट ऑनलाइन मिळतं. त्यात समाधी आणि बाप्तिस्मागृह यांना वेळ ठरवून घ्यावी लागते, आणि आत जेमतेम पाच मिनिटं मिळतात. आधी या दोन वेळा पक्क्या करा, बाकी दिवस त्यांच्याभोवती बसवा. दोन्ही जागा एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, तरी मध्ये किमान दीड तास सोडा. सान व्हिताले समाधीच्या आवारातच आहे आणि ते घाईत उरकण्यासारखं नाही.

समाधीच्या खिडक्यांना पातळ अलाबास्टर दगड आहे, उजेड मधाळ आणि मंद. भर उन्हातून आत शिरलात तर पाचांतली दोन-तीन मिनिटं अंधारच दिसतो. म्हणून आधी काही वेळ सावलीत थांबा, गॉगल काढून ठेवा. आत गेल्यावर पहिल्यांदा वर : निळ्या घुमटावर सोनेरी तारे. मग दारावरच्या कमानीतला मेंढपाळ.

सान व्हितालेमध्ये (प्रतिष्ठापना ५४७च्या सुमारास) वेदीच्या दोन बाजूंना सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा समोरासमोर आहेत. एका जागी उभं राहू नका. सोन्याचा वर्ख काचेच्या दोन थरांत बसवलेला असतो आणि तुकडे मुद्दाम थोडे तिरके लावलेले असतात. तुम्ही चार पावलं सरकलात की चमक जागा बदलते. फ्लॅशला मनाई आहेच, आणि त्यानं फोटोही सपाट येतो. आठपट वाढीची लहान दुर्बीण मात्र जरूर न्या.

सांतापोल्लिनारे नुओवोत राजवाड्याचं चित्र शोधा. गॉथ राजा थिओडोरिकच्या दरबारातली माणसं नंतरच्या सत्तेनं पुसून तिथं पडदे बसवले, पण खांबांवर काही हात तसेच राहिले. इतिहास इतका उघडा फार कमी ठिकाणी दिसतो. आरियन या ख्रिस्ती पंथाच्या बाप्तिस्मागृहाचं तिकीट वेगळं. घुमट सुंदर आहे, पंधरा मिनिटं पुरेत.

दुसरी सकाळ क्लास्सेसाठी. गावाबाहेर काही किलोमीटरवर, बसनं जायचं. तिथल्या ५४९च्या सांतापोल्लिनारे चर्चमध्ये हिरवं कुरण, मेंढ्या आणि ताऱ्यांतला क्रूस आहे. गर्दी कमी, वेळेची सक्ती नाही.

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी, सलवार-कुर्ता उत्तम. पुरुषांनी टोपी काढायची, चपला मात्र काढायच्या नाहीत. शाकाहाऱ्यांनी एक जपावं : इथली पियादिना दिसते आपल्या पोळीसारखी, पण पारंपरिक पिठात डुकराची चरबी असते. मागताना 'सेन्झा स्त्रुत्तो' (चरबीशिवाय) म्हणा. तेलातली बऱ्याच ठिकाणी मिळते. हिवाळ्यात दारं लवकर बंद होतात, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात वेळा पुन्हा एकदा तपासून घ्या.