अनोळखी आजोबा डीएनए टेस्टने शोधायचे तर वजाबाकी कशी करायची

माझ्या आईच्या जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाची जागा रिकामी होती. आजीने मरेपर्यंत त्यावर एक शब्द काढला नाही आणि आम्हीही तिला फार छेडलं नाही. नाव शेवटी सापडलं ते घरबसल्या केलेल्या डीएनए टेस्टमुळे, पण सुरुवातीलाच सांगते की टेस्ट नाव सांगत नाही. टेस्ट तुम्हाला फक्त यादी देते, ज्यांचा ज्यांचा डीएनए तुमच्याशी जुळतो अशा माणसांची, आणि प्रत्येकापुढे एक आकडा असतो की किती जुळतोय. त्या यादीतून माहीत असलेल्या बाजूची माणसं काढत जायची आणि जी उरतील ती तुमच्या हरवलेल्या आजोबांची किंवा आजीची. सगळं काम म्हणजे ही वजाबाकी.

पहिला प्रश्न टेस्ट कोणाची करायची. स्वतःची करून मोकळे होऊ नका! घरातलं त्या बाजूचं सगळ्यात मोठं माणूस आधी. माझ्या आईचा निम्मा डीएनए तिच्या वडिलांचा आहे, माझ्यापर्यंत येईस्तोवर तो साधारण पाव उरतो, म्हणजे जो नातेवाईक आईच्या यादीत ठळक दिसतो तो माझ्या यादीत पुसट होतो आणि लांबचे तर दिसतही नाहीत. आई किंवा वडील हयात असतील तर या महिन्यातच करा, पुढच्या वर्षी बघू असं म्हणू नका, कारण त्यांच्याबरोबर तो पुरावा जातो. ते नसतील तर त्यांच्या भावंडांची करा, आणि तेही नसतील तर मग तुम्ही सगळी भावंडं करा, कारण प्रत्येकाच्या वाट्याला वेगवेगळे तुकडे आलेले असतात, एकाकडे नसलेला दुसऱ्याकडे सापडतो.

करण्याआधी त्या माणसाशी नीट बोलून घ्या. मी आईला स्पष्ट सांगितलं की कदाचित तुला सावत्र भावंडं निघतील, कदाचित ते ओळख देणार नाहीत, कदाचित काही असं कळेल की कळलं नसतं तर बरं असं वाटेल. ती दोन दिवस गप्प होती, तिसऱ्या दिवशी म्हणाली, आण ती नळी.

थुंकीवाली किट असेल तर आधी अर्धा तास खाणं पिणं काही नाही, चहाचा घोटसुद्धा नाही. आईचं वय ७४, तोंड कोरडं, पाच मिनिटं झाली तरी नळीत नुसता फेस. फेस मोजत नाहीत, खालचं पातळ रेघेपर्यंत यावं लागतं. मी तिला गालावरून बाहेरून हळूहळू बोटं फिरवायला सांगितली आणि ती मध्ये मध्ये नळी उजेडात धरून बघत होती की आलं का रेघेला, वीस मिनिटं लागली पण झालं. ज्यांना हे जमणारच नाही त्यांच्यासाठी मायहेरिटेज आणि फॅमिलीट्रीडीएनए या कंपन्यांची किट बरी, त्यात गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची असते.

कंपनी कोणती? सगळ्यात मोठी यादी अँसेस्ट्रीकडे आहे, अडीच कोटींहून जास्त लोक, आणि ते दुसऱ्या कंपनीत केलेल्या टेस्टची फाइल घेत नाहीत, म्हणून तुमच्या देशात त्यांची किट मिळत असेल तर पहिली टेस्ट तिथे करा. मग तिथून रॉ डेटाची फाइल, म्हणजे टेस्टने वाचलेला तुमचा डीएनए, डाऊनलोड करून फॅमिलीट्रीडीएनए आणि जेडमॅच (वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाइली ताडून बघणारी साइट) यांच्यावर टाका, म्हणजे एकाच थुंकीत तीन तलावात गळ. फक्त जेडमॅचवर टाकताना पोलिसांच्या शोधासाठी परवानगी द्यायची की नाही हा पर्याय असतो तो वाचून ठरवा, २०१८ साली कॅलिफोर्नियातला गोल्डन स्टेट किलर हा मालिका खुनी पोलिसांना जेडमॅचसारख्या साइटवरच्या नातेवाइकांमधूनच सापडला होता. २३अँडमीचीही यादी मोठी आहे, पण २०२३ मध्ये त्यांच्याकडून जवळपास ६९ लाख लोकांची माहिती फुटली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. तुमची टेस्ट आधीच तिथे झालेली असेल तर फाइल स्वतःकडे उतरवून ठेवा.

रिझल्ट आला की लोक आधी ते रंगीत टक्केवारीचं पान उघडतात, अमुक टक्के इथले तमुक टक्के तिथले. ते सोडा. तो कंपनीचा अंदाज असतो, नवा अपडेट आला की बदलतो, आणि हरवलेला माणूस अगदी वेगळ्या खंडातला असेल तरच त्याचा उपयोग. थेट जुळणाऱ्या माणसांच्या यादीवर जा.

त्या यादीतला आकडा सेंटिमॉर्गनमध्ये असतो, जुळणारा डीएनए मोजायचं ते एकक, आकडा जितका मोठा तितकं नातं जवळचं. आई-मूल साधारण ३,४०० ते ३,५००. सख्खी भावंडं २,६०० च्या आसपास. सावत्र भावंडं १,७५० च्या आसपास, आणि आजी-नातू, काका-पुतण्या हेही तिथेच. चुलत मामे आते मावस भावंडं सरासरी ८७० च्या जवळ. चुलत भावाचं मूल ४३० च्या जवळ. ज्यांचे आजी किंवा आजोबा एकमेकांचे सख्खे भावंडं होते ते, म्हणजे सेकंड कझिन, २३० च्या जवळ. हे सरासरीचे आकडे, प्रत्यक्षात बरंच वर खाली होतं आणि एकाच आकड्यात चार पाच नाती बसतात. डीएनए पेंटर म्हणून एक साइट आहे, तिथे आकडा टाकला की कोणतं नातं किती शक्य ते दाखवते, मी ती सतत उघडी ठेवायचे.

इथे एक शब्दाचा घोळ आहे तो सांभाळा. आपण सावत्र दोन अर्थांनी म्हणतो, बाप एक आणि आया दोन अशा भावंडांनाही, आणि सावत्र आईने आधीच्या लग्नातून बरोबर आणलेल्या मुलालाही. डीएनएला फक्त पहिला माहीत. घरच्यांना विचारताना "सावत्र म्हणजे नेमकं कसे" हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारा, मी एकदा नाही विचारला तर एक अख्खी फांदी चुकीची लावून बसले होते.

आता वजाबाकी. आमच्याकडे सगळ्यात मोठी मदत मावशीची झाली. आजीचं पुढे लग्न झालं, त्यातून मावशी. तिचीही टेस्ट केली, आईशी आकडा आला १,७४०, म्हणजे आई एक, वडील वेगळे. आता आईच्या यादीत जो कोणी मावशीशीही जुळतो तो आजीच्या माहेरचा, त्याला मी पिवळा रंग दिला आणि बाजूला ठेवला. जो आईशी जुळतो पण मावशीशी नाही तो बहुतेक आजोबांकडचा. बहुतेक म्हणते कारण हे फक्त जवळच्या माणसांना लागू पडतं. १०० च्या खाली उतरलात की आजीकडचाही कोणी मावशीशी न जुळणारा निघू शकतो, कारण दोघी बहिणींना आजीकडून तेच तुकडे आलेले नसतात. तुमच्याकडे अशी मावशी नसेल तर माहीत असलेल्या बाजूचा एखादा मामेभाऊ, मावसबहीण यांना टेस्टसाठी राजी करा. अनोळखी बाजू शोधायला ओळखीच्या बाजूची टेस्ट करायची हे पहिल्यांदा उलटं वाटतं, पण त्याशिवाय यादी फुटत नाही.

उरलेल्यांना परत रंग द्या. डेना लीड्स या बाईंनी २०१८ मध्ये सांगितलेली पद्धत सोपी आहे, साधारण ९० ते ४०० सेंटिमॉर्गनमधले लोक एका खाली एक लिहायचे, पहिल्याला एक रंग, तुमच्याशी आणि त्याच्याशीही जुळणाऱ्या सगळ्यांना तोच रंग, मग बिनरंगाचा जो पहिला उरेल त्याला दुसरा, असं खालपर्यंत. आमच्या उरलेल्या यादीत दोनच रंग निघाले, निळा आणि हिरवा, आणि एकही माणूस दोन्हीत नाही. म्हणजे निळा गट आजोबांच्या वडिलांचा आणि हिरवा त्यांच्या आईचा, किंवा उलट.

इथून पुढे डीएनए कमी आणि कागद जास्त. निळ्या गटात सगळ्यात वर ४३१ वाली एक व्यक्ती होती, नावाच्या जागी नुसती दोन अक्षरं. हिरव्यात २०० च्या आसपासचे तिघे. प्रत्येकाचा वंशवृक्ष स्वतः बांधावा लागतो, लोकांनी टाकलेले वृक्ष अर्धवट असतात आणि एकाची चूक दहा जण उतरवून घेतात, म्हणून जन्ममृत्यूच्या नोंदी, मृत्यूच्या बातम्या, जुन्या याद्या, जे मिळेल त्यावरून ताडून बघा. वर चढत जायचं, गटातल्या सगळ्यांना समान असं जोडपं सापडेपर्यंत. मग उलटं, त्या जोडप्याची सगळी मुलं, त्यांची मुलं, खाली उतरत यायचं. कंटाळवाणं काम आहे, मला सात महिने लागले. आणि निळ्या घरातल्या मुलाचं हिरव्या घरातल्या मुलीशी लग्न झालेलं जिथे दिसेल तिथे थांबायचं, कारण तुमचे आजोबा त्याच जोडप्याचा मुलगा असणार, दोन्ही रक्तं फक्त तिथेच एकत्र येतात.

एक्स क्रोमोसोमने इथे पक्कं करता येतं. बाप मुलीला आपला एक्स अख्खा देतो आणि त्याला तो फक्त आईकडून आलेला असतो, त्यामुळे आईच्या वडिलांच्या बाजूने जे एक्सवर जुळतील ते त्यांच्या आईकडचे, वडिलांकडचे असूच शकत नाहीत. जेडमॅचवर हिरव्यातला एक जण एक्सवर जुळला तेव्हा हिरवी म्हणजे पणजी हे नक्की झालं. तुमचे अनोळखी आजोबा वडिलांचे वडील असतील तर एक्स कामाचा नाही, पण मग वाय आहे, तो बापाकडून मुलाकडे सरळ उतरतो, घरातल्या पुरुषाची वाय टेस्ट फॅमिलीट्रीडीएनएकडे करा, आडनावाचा धागा कधी कधी तिथेच मिळतो. आणि ज्या समाजात नात्यात लग्नं होतात तिथे सगळे आकडे फुगलेले येतात, ४३० वाला प्रत्यक्षात बराच लांबचा निघतो. तिथे एकूण बेरीज न बघता सगळ्यात लांब तुकडा किती आहे ते बघा, तो मोठा असेल तर नातं खरंच जवळचं.

आता लोकांना लिहायचं कसं, कारण इथेच बरेच जण माती खातात. पहिल्याच मेसेजमध्ये "तुमच्या काकांनी माझ्या आजीला" असलं काही लिहू नका, समोरचा अकाउंट बंद करून निघून जाईल. मी लिहिलं होतं: "नमस्कार, तुमचा आणि माझ्या आईचा डीएनए जुळतोय, बहुधा तुमच्या वडिलांच्या बाजूने. आम्हाला त्या बाजूची फारशी माहिती नाही. तुमच्या आजीआजोबांची नावं सांगता आली तर खूप मदत होईल. नाही सांगावंसं वाटलं तरी हरकत नाही." बस एवढंच. पाच आठवडे काही नाही. मग उत्तर आलं ते नातवाचं, ती दोन अक्षरं त्याच्या ८८ वर्षांच्या आजीची होती आणि अकाउंट तो बघायचा. त्याने चार नावं दिली आणि निळ्या घराचा अख्खा वृक्ष उभा राहिला. उत्तर नाही आलं तर दोन महिन्यांनी एकदाच परत लिहा, त्यानंतर नाही. तुम्ही कितीही वर्षं वाट बघितली असली तरी समोरच्याच्या घरात तुम्ही अचानक आलेले असता.

आम्हाला जे जोडपं सापडलं त्यांना तीन मुलगे. आणि सख्ख्या भावांमध्ये निवड करायची तर तुमच्या हातातल्या यादीने होत नाही, कारण बाकी सगळ्या नातेवाइकांशी तिघांचं नातं एकच. धाकटा आईच्या जन्माच्या वेळी नऊ वर्षांचा होता, तो बाद. उरले दोघे. मधल्याची मुलगी हयात होती. ती आईची सावत्र बहीण असेल तर आकडा १,७५० च्या जवळ यायला हवा, चुलत बहीण असेल तर ८७० च्या जवळ, इतकं अंतर की गोंधळाला जागाच नाही. मी तिला दोन्ही शक्यता आधी सांगितल्या, टेस्टचे पैसे आम्ही देऊ म्हटलं, तिने विचार करायला वेळ मागितला आणि मग हो म्हणाली.

आकडा आला ८६१. चुलत बहीण. म्हणजे आजोबा ते थोरले, ज्यांना दुसरं मूलबाळ नव्हतं, ज्यांची टेस्ट करायला कोणीच उरलं नव्हतं, ते फक्त वजाबाकीतून उरले. त्या बहिणीने महिन्याभराने तिन्ही भावांचा एक फोटो पाठवला. आईने तो मोबाईलवर दोन बोटांनी मोठा केला, थोरल्याच्या कानाशी नेऊन थांबवला, आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या कानाची पाळी चाचपली. मग मला म्हणाली, याची जन्मतारीख काय ते विचार तिला.