ट्रॅक डेसाठी हलकी स्पोर्ट्स कार घेताय? या चुका टाळा

इंग्लंडमध्ये ट्रॅक डेला, म्हणजे पैसे भरून स्वतःची गाडी शर्यतीच्या सर्किटवर चालवण्याच्या दिवशी गेलात, तर सकाळी पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेत) किती गाड्या उभ्या आहेत ते मोजा आणि जेवणाच्या सुट्टीनंतर किती परत ट्रॅकवर उतरल्या तेही मोजा. नॉरफोकमधल्या स्नेटरटन सर्किटवर मी हे अनेकदा पाहिलं आहे. सकाळी सगळ्यांच्या माना वळवणाऱ्या ४००-५०० अश्वशक्तीच्या गाड्या दुपारी बॉनेट उघडून उभ्या असतात. कुणाचे ब्रेक गेलेले, कुणाचे टायर संपलेले. आणि वीस-पंचवीस वर्षांची एखादी माझदा एमएक्स-५ संध्याकाळी झेंडा पडेपर्यंत इमानेइतबारे फेऱ्या मारत असते.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. तिथे फेरीची वेळ मोजायलाही बहुतेक ठिकाणी मनाई असते. आपण पैसे मोजतो ते फेऱ्यांचे. म्हणून गाडी बघताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: विसाव्या फेरीला ही कशी असेल?

अश्वशक्ती बघून गाडी घेणं

सर्वात महागात पडणारी चूक हीच. जास्त ताकदीची गाडी सरळ पट्ट्यावर पळते, पण पट्टा संपला की तिला थांबवावं लागतं. १६० किमी वेगावरून ८० वर येताना १,००० किलोच्या गाडीच्या ब्रेकना साधारण ७४० किलोज्यूल ऊर्जा गिळावी लागते, तर १,५०० किलोच्या गाडीच्या ब्रेकना १,११० किलोज्यूल. एका फेरीत असं चार-पाचदा आणि दिवसभरात पन्नास-साठ फेऱ्या. ही सगळी उष्णता डिस्क, पॅड आणि ब्रेक ऑइलमध्ये जाते. टायरचंही तेच. हलकी गाडी स्वस्त पडते ती मुळात इथे.

१९९६ मध्ये आलेल्या पहिल्या लोटस एलिसचं इंजिन जेमतेम ११८ अश्वशक्तीचं होतं, पण गाडीचं वजन होतं सुमारे ७२५ किलो. कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन आयुष्यभर वजन कमी करण्याच्या मागे लागले होते आणि ते गेल्यावर चौदा वर्षांनी आलेल्या या गाडीतही तोच हट्ट दिसतो. तिची ॲल्युमिनियमची चासी, म्हणजे सांगाडा, अवघी ६८ किलोची आहे. इतक्या हलक्या गाडीत ८० किलोचा चालक म्हणजे गाडीच्या वजनाच्या ११ टक्के. म्हणूनच अशा गाडीचं अलाइनमेंट आणि चाकांवरचा भार चालक सीटवर बसलेला असताना बघून घ्यायचा असतो. रिकाम्या गाडीवर केलेलं मोजमाप तिच्या बाबतीत अपुरं ठरतं.

हेल्मेट न घालता टेस्ट ड्राइव्ह

गाडी बघायला जाताना हेल्मेट आणि पातळ तळव्याचे बूट सोबत न्या. विक्रेता हसला तरी हसू दे. उघड्या गाडीत हेल्मेट घालून बसा आणि रोल बारच्या (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या सीटमागच्या कमानीच्या) वरच्या कडेपासून विंडस्क्रीनच्या वरच्या पट्टीपर्यंत एक सरळ काठी आडवी धरायला सांगा. हेल्मेट काठीला लागलं, तर गाडी उलटल्यावर काय होईल ते वेगळं सांगायला नको. बरेच आयोजक उघड्या गाडीला भक्कम रोल बार असल्याशिवाय ट्रॅकवर सोडत नाहीत, त्यामुळे गाडी घेण्याआधीच त्यांचे नियम विचारून घ्या. रोल बार न लावता रेसिंगचे पट्टे, म्हणजे अंग जखडून ठेवणारे सीटबेल्ट, बसवणं मात्र कुणीही करू नये. गाडी उलटली, तर साध्या पट्ट्यात शरीर थोडं तरी बाजूला झुकतं, रेसिंगच्या पट्ट्यात ते ताठ जखडलेलं राहतं.

केटरहॅम सेव्हन या उघड्या, हलक्या ब्रिटिश गाडीची अडचण पायाशी असते. पेडल्स इतकी जवळ की रुंद बुटाने ब्रेक दाबताना ॲक्सिलरेटरही दाबला जातो. उंच किंवा अंगाने भरलेल्या माणसासाठी तिचं रुंद चासीचं रूप मिळतं, तेच बघावं.

कागद बघितले, पण कामाचे नाही बघितले

इथे माझा स्वतःचा अनुभव सांगतो. माझी पहिली एलिस मी एका डीलरकडून घेतली. हेड गॅसकेट (इंजिन आणि त्याच्या वरच्या हेडमधलं सील) नवं घातल्याचं बिल फाइलमध्ये होतं, मी समाधानाने पैसे दिले. दुसऱ्याच ट्रॅक डेला तापमानाचा आकडा चढायला लागला आणि गाडी ट्रेलरवर घालून घरी आणावी लागली. बिलात गॅसकेटची किंमत होती. हेडचा पृष्ठभाग सपाट आहे का आणि सिलिंडरच्या लायनरची (आतल्या नळीची) उंची बरोबर आहे का, हे तपासल्याचा एक शब्दही नव्हता. त्या एलिसमधल्या रोव्हरच्या के-सिरीज इंजिनात लायनर किंचित खाली बसले, की नवं गॅसकेटही टिकत नाही. बिल बघताना मी नेमका हाच प्रश्न विचारायला हवा होता.

त्या इंजिनात कूलंट मुळातच कमी मावतं. शिवाय एलिसमध्ये रेडिएटर नाकाशी आणि इंजिन पाठीमागे, म्हणजे पाइप लांबलचक. त्यात एअर पकडली, तर आकडा बरोबर दिसत असतानाही हेडजवळ गरम कप्पे तयार होतात. म्हणून गाडी पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी बघा. तेलाच्या फिलर कॅपखाली मळकट साय दिसली, तर ती फक्त थोड्या-थोड्या अंतराच्या फेऱ्यांमुळे जमलेली वाफ आहे की कूलंट तेलात मिसळतंय, ते मेकॅनिककडून ठरवून घ्या. २००४ पासूनच्या टोयोटा इंजिनाच्या एलिसला हा त्रास नाही. तिचं दुखणं वेगळं, ते पुढे येतंच.

एलिसचा पुढचा आणि मागचा भाग म्हणजे फायबरग्लासचा एकेक मोठा तुकडा. पार्किंगमध्ये बसलेला छोटा धक्काही त्यामुळे मोठ्या बिलापर्यंत जातो. खाली चिकटवून जोडलेल्या ॲल्युमिनियमच्या चासीलाच मार बसला असेल, तर पत्रा ठोकून वेल्डिंग करण्याचा मार्ग तिथे नाही. विमा कंपनीने मोडीत काढून नंतर दुरुस्त झालेल्या गाड्यांवर ब्रिटनमध्ये २०१७ पासून एस आणि एन असे शेरे असतात. एस म्हणजे सांगाड्याला मार, एन म्हणजे सांगाडा सोडून इतर नुकसान. अशी एलिस स्वस्त मिळाली तरी मी घेणार नाही.

पत्र्याच्या गाड्यांचा शत्रू गंज. एमएक्स-५ च्या छतातून पाणी वाहून जाणारी भोकं तुंबली, की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत साठतं आणि गंज आतून बाहेर येतो. वरचा रंग चकचकीत असतो, जॅक लावला की पत्रा आत जातो. १९९८ नंतरच्या दुसऱ्या पिढीत पुढच्या चासीचे बारही बघा. टोयोटा एमआर२ ची शेवटची पिढी हलकी आणि गोड गाडी आहे, पण सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांच्या एक्झॉस्टमधल्या छोट्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा (धूर स्वच्छ करणाऱ्या भागाचा) चुरा होऊन तो इंजिनात ओढला जातो. तेल खाणारी एमआर२ दिसली तर आधी हेच मनात आणा. ब्रिटनमध्ये कुठल्याही गाडीच्या वार्षिक एमओटी तपासणीचा इतिहास तिच्या नंबरवरून सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. दरवर्षी त्याच जागी गंजाचा शेरा दिसला आणि एका वर्षी अचानक गायब झाला, तर तिथे काय थापलंय ते गाडीखाली जाऊन बघा.

पहिली गाडी कुठली, असं कुणी विचारलं तर मी एमएक्स-५ म्हणतो. सुटे भाग मुबलक, पत्रा दुरुस्त होतो आणि चूक केली तर ती आधी इशारा देते. एलिसचं इंजिन चालकाच्या पाठीमागे आहे; वळणात घाबरून ॲक्सिलरेटर झटक्यात सोडला, की मागची बाजू फिरते आणि सावरायला वेळ मिळत नाही. एक-दोन वर्षं एमएक्स-५ चालवून मग एलिसकडे आलेल्या माणसाला तीच गाडी अमाप आनंद देते. पहिला ट्रॅक डे बेडफर्ड ऑटोड्रोमसारख्या जुन्या विमानतळावर करावा, तिथे रस्ता सोडला तरी बाजूला मोकळं मैदान मिळतं. कॅडवेल पार्कसारखी अरुंद, झाडीतली जागा नंतर.

आवाज आणि विमा

आवाजाची मर्यादा साधारण १०५ डेसिबल असते, काही ठिकाणी ९८. एक्झॉस्टपासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात, इंजिन कमाल आरपीएमच्या तीन चतुर्थांशावर नेऊन मोजतात. खणखणीत एक्झॉस्टची गाडी घेतली आणि सकाळी फाटकातूनच परत फिरली, असं होतं. रस्त्यावरचा विमा सहसा ट्रॅकला लागू नसतो. एका दिवसाचा वेगळा घ्यावा लागतो. भारतातल्या वाचकांनीही आपली पॉलिसी उघडून वापराच्या मर्यादा वाचाव्यात, तिथे शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. कोइंबतूरच्या २.१ किमीच्या कारी सर्किटवर स्विफ्ट घेऊन जाणार असाल, तरी पुढचा भाग तुमच्याही कामाचा आहे.

ट्रॅकवर काही बिघडलं तर

ब्रेक पेडल मऊ लागलं किंवा खाली जायला लागलं, तर ब्रेक ऑइल उकळलंय. ते हवेतला ओलावा शोषतं. ताजं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, ओलावा धरलेल्या डॉट ४ चा तोच किमान आकडा १५५ वर येतो. डॉट ५.१ चे आकडे २६० आणि १८०. पंप मारत पुढे जाऊ नका, हळू फिरून पिटमध्ये या. ट्रॅक डेच्या आधी नवं ऑइल घालून ब्रेकची एअर काढणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी खर्च. पेडल कडक आहे, पण गाडी थांबत नाही, असं असेल तर दोष पॅडचा. ते त्यांच्या उष्णतेच्या मर्यादेपलीकडे गेलेत.

लांब वळणात तेलाचा दिवा क्षणभर लुकलुकला, तर तेवढ्यावर दिवस थांबवा. स्नेटरटनचं कोरम हे उजवं वळण संपता संपत नाही. तिथे तेल इंजिनाखालच्या चेंबरच्या एका बाजूला चढतं आणि पंपाला हवा मिळते. टोयोटा इंजिनाच्या एलिसचं दुखणं म्हटलं ते हेच. चिकट ट्रॅक टायर घातले, की वळणातला वेग वाढतो आणि धोकाही. तेल वरच्या खुणेपर्यंत ठेवा आणि असे टायर घालायचे असतील, तर आधी चेंबरमध्ये आडपडदे बसवून घ्या.

लांब वळणातून बाहेर पडताना इंजिन मिसिंग करत असेल आणि सरळ पट्ट्यावर ठीक चालत असेल, तर प्लग बदलण्याआधी टाकी बघा. पेट्रोल कमी असलं की तेही एका बाजूला जातं.

सकाळी छान वळणारी गाडी अकरानंतर पुढून घसरायला लागली, तर टायरमधली हवा मोजा, गरम असतानाच. दर १० अंशांना साधारण ०.१ बार दाब वाढतो. वाढलेली हवा काढा आणि घरी निघण्याआधी परत भरा.

घरी जाताना ब्रेक मारल्यावर स्टीअरिंग थरथरलं, तर डिस्क वाकली असं लगेच धरू नका. बहुतेकदा तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर एका जागी बसलेला असतो. म्हणून शेवटची फेरी ब्रेकला हात न लावता सावकाश मारा आणि पिटमध्ये आल्यावर पेडल दाबून धरू नका, हँडब्रेकही ओढू नका. पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली लाकडी ठोकळा लावा, आणि चाकं थंड झाली की सगळे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.