घरी सांता बोलावताय? या चुका टाळा

डिसेंबर लागला की घरोघरी एकच घाई सुरू होते. लाल झगा भाड्याने आणायचा, दाढी लावायची, मामाला उभं करायचं, झालं. एवढ्यावर कार्यक्रम पार पडत नाही. झगा तर तासाभरात मिळतो. घोळ होतो तो वेळेचा, पोत्याचा आणि लहान मुलांना पुढे ढकलण्याचा.

आधी वेळ. ‘जेवणं उरकली की सांता येईल’ असं ठरवणाऱ्या घरांत साडेनऊला निम्मी पोरं पेंगत असतात आणि उरलेली रडत. संध्याकाळी साडेसहा-सातची वेळ धरा. वडे-सामोसे झालेले असावेत, केक कापायचा बाकी असावा. एका मुलामागे दीड मिनिट लागतं. पंधरा मुलं म्हणजे साधारण पंचवीस मिनिटं, त्याहून जास्त वेळ सांताला बसवू नका. शक्य असेल तर २४ तारीखही टाळा. त्या संध्याकाळी नाशिकमध्ये शरणपूरच्या सेंट अँड्र्यूज आणि त्र्यंबक नाक्याच्या होली क्रॉस चर्चच्या बाजूला गर्दी असते. शिवाय सांता छान वठवणारी बरीच मंडळी नाताळगीतांच्या गटांत किंवा आपापल्या घरच्या सणात गुंतलेली असतात. २२, २३ किंवा २५ तारीख बरी.

आता पोतं. सर्वांत जास्त रडारड याच्यामुळे होते.

इंदिरानगरमधल्या एका घरी अकरा मुलांची यादी होती, म्हणून पोत्यात अकरा पुड्या भरल्या. घंटा वाजल्यावर इमारतीतली आणखी सहा मुलं दारात आली. एकाही पुडीवर नाव नव्हतं. सांता प्रत्येक पुडी वर धरून ‘ही कुणाची?’ विचारत बसला. दहा वर्षांच्या मुलीच्या हातात तान्ह्या बाळाचा खुळखुळा पडला. सख्ख्या भावांपैकी एकाला रिमोटची गाडी मिळाली, दुसऱ्याला रंगवायची वही. धाकट्याने वही फेकली, तशी आत्याने सगळ्यांसमोर गाडी मोठ्याच्या हातातून काढून घेतली. मग दोघंही रडायला लागले. सहा पाहुणी मुलं रिकाम्या हाताने भिंतीला टेकून उभी होती, त्यांच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. यातलं काहीही सांताच्या हातात नव्हतं. पोतं भरणाऱ्यांनी अर्धा तास आधी बसून विचार केला असता तर हे टळलं असतं.

भेटी एकाच किमतीच्या टप्प्यातल्या आणि साधारण एकाच आकाराच्या घ्या. दीडशे-दोनशे रुपयांत चांगल्या वस्तू मिळतात. आई-बाबांची मोठी भेट घरीच द्यावी, ती पोत्यात घालू नये. किमतीची चिठ्ठी आठवणीने काढा. नाव जाड मार्करने, ठळक देवनागरीत, पुडीच्या दोन बाजूंना लिहा, कारण दाढी-मिशांच्या आत श्वास कोंडून चष्म्यावर वाफ धरते आणि बारीक अक्षर वाचता येत नाही. ज्याला शेवटी बोलवायचं त्याची पुडी तळाशी घाला. वर एक कागद ठेवा, त्यावर क्रमाने नावं. रंगपेटी आणि चित्रकलेची वही अशा पाच-सहा बिननावाच्या जास्तीच्या भेटी वेगळ्या पिशवीत एखाद्या काकूकडे द्या. चकचकीत सॅटिनचं पोतं जास्त वजनाने उसवतं. आत कापडी पिशवी घाला.

दोन-अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांना सांता बघून भीती वाटणं स्वाभाविक आहे. चेहरा झाकलेला, आवाज अनोळखी, रंग भडक. तरी फोटोसाठी घाई झालेले पालक बाळाला मांडीवर टाकून मोबाइल उचलतात. बाळ किंचाळतं, त्याला पाहून पुढची चार मुलंही मागे सरकतात. सांताने आल्याबरोबर खुर्चीवर बसावं, उभं राहून कुणावर वाकू नये. पहिला नंबर सात-आठ वर्षांच्या धीट मुलाला द्यावा. चिमुकल्यांना आईच्या कडेवरूनच भेट मिळू द्या. फोटो तसाही छान येतो, फक्त सांताच्या मागे खिडकी किंवा लुकलुकणारी माळ नको, उजेड समोरून हवा.

अभ्यास करत नाही, भाजी खात नाही, अशा तक्रारींची यादी सांताकडे देऊन चारचौघांत वाचून घेणं बंद करा. मूल सणाला आलंय, त्याला वर्गात उभं केल्यासारखं वाटता कामा नये. सांताने ‘पुढच्या वर्षी सायकल आणतो’ असं कबूलही करू नये.

एका बाबतीत मात्र तडजोड नाही: विस्तव. भाड्याची दाढी बहुतेक पॉलिस्टरची असते. ती पेट घेते, वितळते आणि कातडीला चिकटते. फवारायच्या नकली बर्फाच्या डब्यात बऱ्याचदा ज्वलनशील वायू असतो. तो फवारा उडत असताना केकवर ठिणग्यांची मेणबत्ती लावली तर भडका उडू शकतो. सांता खोलीत असेपर्यंत मेणबत्ती, पणती, फुलबाजी काहीही नको, आणि बर्फाचा फवारा घरात आणूच नका. केक सांता गेल्यावर कापा.

वेशाचं थोडक्यात. दाढी पिशवीतून गुंता होऊन येते, आदल्या दिवशी रुंद दातांच्या फणीने खालून वर विंचरा. ओठांवरची मिशी बोटभर कातरा, नाहीतर बोलताना तोंडात जाते. पण त्याआधी दुकानदाराला विचारा. पोटाची उशी ढगळ टी-शर्टच्या आत घालून ओढणीने करकचून बांधा. नुसती पट्ट्यावर सोडली तर ती घसरते, सोबत विजारही. घड्याळ आणि अंगठी काढा, रोजचे बूट बदला. पोरं मामाला सगळ्यात आधी बुटांवरून ओळखतात. मामाच सांता असेल तर ‘मामा बर्फी आणायला गेलाय’ हे अर्धा तास आधीच सांगून ठेवा.

नाशिकची डिसेंबरची रात्र गच्चीवर मुलांना बाधते, म्हणून कार्यक्रम दिवाणखान्यात करा. पण आत पंखा चालू ठेवा, झग्यात माणूस घामाने निथळतो. पाणी नळीने द्या.

सांताला निरोप देण्याचा विचार बहुतेक घरांत होतच नाही. मग मुलं गॅलरीतून खाली बघतात, तर सांता दाढी खिशात कोंबून स्कूटर काढताना दिसतो. कपडे बदलायला शेजाऱ्यांची खोली आधीच मागून ठेवा. सांता बाहेर पडताच आजीने केकची हाक मारावी आणि दहा मिनिटं गॅलरीचं दार लावून घ्यावं.